वेकफील्डला न उतरलेली बाई

१४ जून २००३, ट्रॉय

पास आले! ब्रिटनच्या रेल्वेचे, दोघांचे. हे पास तिथे मिळत नाहीत म्हणे, बाहेरच्यांनी बाहेरूनच घेऊन जायचे. विवेकने टेबलावर नकाशा पसरला आणि लोणच्याची बाटली स्कॉटलंडवर ठेवली, गुंडाळी होऊ नये म्हणून. अमेरिकेत आल्यापासून चार वर्षांत धड आगगाडीत बसले नाही मी. इथे एक गाडी आहे शिकागोला जाणारी, तीही मालगाड्यांना वाट देत उभी असते.

जुलैत इथले मोटारींचे कारखाने बंद असतात – शटडाउन. विवेकचं ऑफिस त्यांच्याच जिवावर, म्हणून त्यालाही सुट्टी. मला कसली सुट्टी! माझी चार वर्षं सुट्टीच चालू आहे. एच-फोर व्हिसा – नवऱ्याबरोबर राहा, खा, प्या, फक्त नोकरी करू नका. नागपूरला सहा वर्षं गणित शिकवलं. इथे शिकवते ते विवेकला, डिशवॉशरमध्ये वाट्या पालथ्या ठेव म्हणून.

२० जून

खालच्या मजल्यावरची स्वानंदी आली होती अपूर्णांक घेऊन. म्हणे, आठ चारपेक्षा मोठा, मग एक-अष्टमांश लहान कसा? सगळं इंग्रजीत, तावातावाने. दोन पोळ्या केल्या, एकीचे चार तुकडे, एकीचे आठ. घे, कुठला खातेस? बघत राहिली. मग एकदम – "ओह!"

त्या एका "ओह"साठी मी शिक्षिका झाले. साठ मुलांच्या वर्गात तो एका बाकावरून उठायचा आणि मागच्या बाकापर्यंत जायचा. आज स्वयंपाकघरात एकदाच ऐकू आला, आणि ती पोळी खाऊन निघून गेली. मला वर्ग हवाय. खडू हवाय, कर्कश घंटा हवीय, "बाई, हा ढकलतोय" हवंय.

२२ जून

आईचा फोन. "काहून व, अजून घरीच आहेस?" दर रविवारी पहिला प्रश्न तोच. आई दवाखान्यात आया होती. माझ्या एम.एस्सी.च्या निकालाला तिने अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले होते – बेशुद्ध पेशंटच्या उशाशीसुद्धा एक ठेवला. तिला व्हिसा समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "पण तू तर शिकलेली आहेस ना?"

२९ जून, लंडन

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला विचारलं, तुम्ही काय करता? विवेक म्हणाला, माझ्याबरोबर आहे ती. अधिकाऱ्याने माझ्याकडे न बघता शिक्का मारला.

दुपारी बाबासाहेब शिकायला होते तेव्हाचं घर बघायला गेलो. किंग हेन्रीज रोड. भिंतीवर निळी पाटी. आत कुणीतरी राहतं, पडदे ओढलेले. आईने सांगितलं होतं, माझ्या वाटचे हात जोड. फुटपाथवर चपला काढून हात जोडले. विवेक हळूच "जयभीम" म्हणाला.

अर्धपोटी राहून माणूस इथे शिकला. आणि आम्हाला मिळालेलं शिक्षण मी डब्यात घालून झाकण लावून ठेवलंय. खूप रडले. विवेकला वाटलं, घर बघून भरून आलं.

१ जुलै, लीड्स

आज हसावं की रडावं कळेना! पहिली खरी गाडी. शैलजाकडे यायचं होतं – नागपूरच्या शाळेतली माझी मैत्रीण. गेल्या वर्षी इथे गणित शिकवायला आली, नवऱ्याला घेऊन. इथे गणिताच्या शिक्षकांचा दुष्काळ आहे म्हणे.

तर – विवेक स्टेशनवर तासभर आधी. डब्याला चिकटवलेला नावांचा तक्ता शोधत फिरला, तो इथे नसतोच. बॅगा डब्याच्या टोकाला फळीवर ठेवायच्या म्हणताच त्याचा जीव खाली-वर. खिशातून काढली साखळी आणि कुलूप! नागपूरहून लग्नाच्या वेळी आणलेली. मी म्हटलं, अरे इथे कोण चोरतंय? "डोळ्यांआड बॅग सोडायची नाही," म्हणाला, आणि फळीच्या अंधारातच कुठून कुठे साखळी घातली देव जाणे.

वेकफील्ड आलं. साठीच्या एक बाई उठल्या, बॅग ओढायला लागल्या. निघेना! विवेकने साखळी त्यांच्या बॅगेच्या कडीतूनसुद्धा ओवलेली. किल्ली? स्वेटरच्या खिशात. स्वेटर? आमच्या बॅगेत, तळाशी. तो फळीपुढे गुडघ्यांवर बसून उचकतोय, माझे परकर बाहेर, सगळा डबा बघतोय – आणि गाडी सुटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

बाई चिडल्या नाहीत. लीड्सहून परत येईन म्हणाल्या आणि आमच्यासमोरच बसल्या. मला विचारलं, तुम्ही काय करता? विवेकनेच सांगितलं, ती एच-फोरवर आहे. त्यांना काय कळणार! मग म्हणाला, तिला नोकरी करायला परवानगी नाही.

"परवानगी नाही?" बाईंनी विवेककडे असं पाहिलं! "कोण देत नाही?"

विवेकचा चेहरा उतरला. नाही नाही, मी नव्हे, तो कायदा आहे, अमेरिकेचा – सगळं घाईघाईने. बाई ऐकत होत्या, पण विश्वास बसलेला दिसेना. मग माझ्याकडे वळून पुन्हा तोच प्रश्न. आणि विवेक मध्ये बोलणार तोच बाईंनी हात वर केला, त्यांनाच विचारतेय म्हणून.

मी गणित शिकवते, म्हटलं. चार वर्षांनी माझ्या तोंडून ते वाक्य आलं. "शिकवायचे" असं म्हणायला हवं होतं. तरी "शिकवते" म्हणाले.

२ जुलै

साखळी शैलजाकडच्या कचऱ्यात टाकली विवेकने. एकदाच म्हणाला, "त्या बाईला मी तसला नवरा वाटलो."

३ जुलै, लीड्स

शैलजाच्या शाळेत गेले. सुट्टी लागायला दोन आठवडे आहेत. बारा वर्षांची मुलं, टाय सैल, एक मुलगी बाकाखाली चिप्स खातेय. शैलजा म्हणाली, "अगं, पाच मिनिटं घे ना, मी आहे इथे." माझे उच्चार त्यांना कळतील का? फळ्यावर पोळी काढली – त्यांना पिझ्झा म्हणून सांगितली. पाच मिनिटं लांबली ती थेट घंटा होईपर्यंत. चिप्सवाली विचारते, तुम्ही नव्या मिस का?

बाहेर येऊन स्वच्छतागृहात नळ सोडून उभी राहिले. बोटांना मार्करची शाई. धुवावीशी वाटेना.

गणित विभागाच्या प्रमुख बाई जेवणाच्या सुट्टीत भेटल्या. जानेवारीपासून जागा आहे, व्हिसाचे कागद शाळा बघते, फक्त अर्ज अमेरिकेतून करायचा. शैलजा मराठीत पुटपुटली, "आता मागे फिरू नकोस, मोनाली."

५ जुलै, गाडीत

लीड्सहून कार्लाइलला. दगडी पूल, उघडे डोंगर, मेंढ्या. शैलजाने नागपुरी सांबारवडी करून दिलीय, कोथिंबिरीची, झणझणीत. शेजारचे दोघे वासानेच शिंकले.

विवेकने माझा हात हातात घेतला. किती दिवसांनी! ट्रॉयमध्ये तो गाडी चालवतो आणि मी रस्ता सांगते, एकमेकांसमोर बसणं होतच नाही. "ही गाडी अशीच चालत राहावी," म्हणाला. मला मात्र दर स्टेशनवर उतरावंसं वाटत होतं. तो किती चांगला आहे, हे मनात म्हणत राहिले. अर्जाचं अजून सांगितलेलं नाही.

७ जुलै, एडिनबरा

सांगितलं. किल्ल्याच्या चढावर, वाऱ्यात, ओरडूनच.

"आणि ग्रीन कार्ड?" म्हणाला. "रांगेत दोन वर्षं काढलीत यार! इथे आलो की पुन्हा शून्यापासून. कार्ड आलं की तूही कर ना नोकरी, कोण अडवतंय?"

आणखी किती?

"दोन वर्षं. फार तर तीन."

दोनच वर्षं असं नागपूरच्या विमानतळावर म्हणाला होतास, म्हटलं. किल्ला पाहिला. तोफा आहेत.

८ जुलै

पुढचा इनव्हर्नेसचा प्रवास कॅन्सल केला. पाऊस म्हणून. पाऊस फार नव्हता.

१३ जुलै, ट्रॉय

परत. फ्रिजमध्ये दही तेवढं खराब झालंय. फोटो धुवायला दिले. सगळे विचारतात, कशी झाली ट्रिप? विवेक सांगतो, मस्त, एकदा जाच. साखळीचा किस्सा रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. बाईंनी काय विचारलं तिथे मात्र थांबतो.

अर्ज पाठवला. त्याच्यादेखत. तो बातम्या बघत होता, आवाज बंद करून.

१६ ऑगस्ट

परवापासून वीज नाही! अख्खं डेट्रॉइट अंधारात. लोक फ्रीजरमधलं सगळं बाहेर काढून हिरवळीवर भाजत होते, आमच्याकडचे मटार पराठ्यांत गेले. ईशान्य टोकाच्या बिल्डिंगमधला राजेश पहिल्यांदाच भेटला, विवेकला म्हणाला, "वहिनी काय करतात?"

विवेकने उत्तर दिलं नाही. माझ्याकडे वळला आणि थांबला. मी सांगितलं, शिक्षिका आहे. किती साधी गोष्ट! मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

वर आल्यावर मेणबत्ती लावताना म्हणाला, "तू गेलीस तर मी या घरात काय करू?" रागाने नाही, खरंच विचारत होता. तू पण चल, म्हटलं. त्याने मान हलवली – हो नाही, नाही पण नाही.

४ सप्टेंबर

शाळेची मेल. फोनवर मुलाखत, बुधवारी. आईला सांगितलं नाही, ती पेढे आणून बसेल.

१० सप्टेंबर

विवेक ऑफिसला उशिरा गेला. फोनची वायर बेडरूमपर्यंत ओढून दिली, चहा ठेवला, दार लावताना म्हणाला, "छान बोल." मग पुन्हा दार उघडून – "होऊ नये असं वाटतंय मला. तुला खरं सांगतो."

मीही त्याला खरं सांगितलं, होऊ दे असं वाटतंय. तेवढ्यात फोन वाजला.

मुलाखत बरी झाली. एक प्रश्न कळला नाही, पुन्हा विचारायला सांगितला. बाहेर आले तर तो निघून गेलेला, माझा डबा करून ठेवला होता. मी घरीच असते, मला डबा कशाला!

१३ सप्टेंबर

विवेकशिवाय राहणं मला जमणार नाही. शिकवल्याशिवायही नाही. दोन्ही लिहून ठेवते, कारण दोन्ही खरं आहे.

१८ सप्टेंबर

सकाळी लीड्सहून फोन आला. निवड झाली. गणित विभागाच्या प्रमुख बाई स्वतःच म्हणाल्या, घरी बोला, सोमवारी कळवा.

मी म्हटलं, येते.

एकट्या की दोघं, हे त्यांनी विचारलं नाही. विवेक संध्याकाळी विचारेल.