छापायचा मजकूर

मु. सावरवाडी, पोस्ट उंद्री,
ता. चिखली, जि. बुलडाणा
रविवार, दि. ७ फेब्रुवारी १९७१

चि. कोकिळास,

तुझ्या बाचा जय भीम अन् आशीर्वाद.

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझ्या मायचा खोकला आहे तसाच आहे, तो आता आपल्यासोबतच जाईल म्हणते. ज्वारी सोंगून झाली. सत्यभामा मावशी चिखलीहून येऊन गेली, तुझी लय आठवण काढत होती.

तुझं व्हिएन्नाचं पत्र येऊन वीस दिवस झाले. पोस्टमन रोज विचारते, "काहो बुवा, पोरीले उत्तर नाही टाकत?" मी म्हणतो, शाई संपली. आता माणसानं किती दिवस शाई संपवावी.

पत्र मी स्वतः वाचलं, चारदा वाचलं. तुझ्याच पाटीवर गिरवून शिकलेली अक्षरं आहेत, कामी येतात. तू लिहिलं की पुढच्या थंडीत दहा-बारा देशांत तुझे पियानोचे कार्यक्रम आहेत, अन् शेवटचा मुंबईले. ऐकाले येणाऱ्याच्या हाती तुझ्या माहितीची पुस्तिका देतात, तीत माझा सनई हाती घेतलेला फोटो पाहिजे अन् माझ्या हातच्या दोन ओळी. "माझं वाजवणं तुमच्याकडून आलं, बा, ते लोकांना कळू द्या," असं तू लिहिलं. मार्च संपायच्या आत पाहिजे म्हणतेस.

तं ऐक. फोटो जमत नाही, काऊन की सनईच नाही. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, तुले आठवत असेल. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर आपल्या वस्तीतल्या साऱ्यांनी आपापली वाजंत्री पडक्या विहिरीत टाकली. पहिली सनई माझी. तिच्यामागून माझ्या जोडीला वाजवणाऱ्या कडूबानं डफडं टाकलं. ते बुडेच ना, वरच तरंगत राह्यलं. मग कडूबानं त्याच्यावर धोंडा टाकला.

कोणाच्याही घरी लग्न निघालं की आपण वाजवत पुढं चालाचं, अन् जेवाले बसाचं सगळ्यात शेवटी, गोठ्याजवळ. अन् ऐके कोण? कोणी नाही. वाजणं थांबलं तरच लोकाईचं ध्यान आपल्याकडं जाये, तेही शिवी द्याले. म्हणून सोडलं. मीच साऱ्यांले सोडाले लावलं, अन् त्याचा मले गर्व होता.

म्हणून तुझा तो पहिला फोटो आला, मोठ्या सभागृहात, लांब काळ्या पियानोपुढं बसलेली, तेव्हा मी तुझ्या मायले म्हटलं, "आपण गावच्या दारचं वाजवणं सोडलं, अन् पोरगी साता समुद्रापार दुसऱ्याच्या दारी वाजवाले गेली." माय तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिनं. दोन वर्षांमागं तू मुंबईले बोलावलं, तेव्हा पाय दुखते म्हणून कळवलं होतं. पाय दुखत नव्हता.

गुलाबराव मास्तर मात्र जाऊन आले. सांगत होते, "बुवा, हजार माणूस, अन् कोणी खाकरत नाही. तिचं वाजवणं संपलं तरी लोकं घडीभर गप्प, मग टाळ्या." ते माझ्या डोक्यातून जात नाही. हजार माणूस गप्प बसून ज्याचं ऐकते, तो दाराबाहेरचा नसते. एवढं समजाले मले दोन वर्षं लागली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा तुझा बाप.

इथवर लिहिलं अन् वाटलं, सही करून पाकीट बंद करावं. पण ताकाले जाऊन गाडगं लपवणं झालं हे. आता काढतो.

वाजवणं सोडलं अन् गावानं आपल्याले वावरातलं काम देणं बंद केलं. चक्कीवर दळण घेईनात. म्हणून तुले चिखलीले मावशीकडं धाडलं. मावशी मिशनच्या बंगल्यावर आया होती, तिथंच मडमनं तुले पियानोपुढं बसवलं. सहा महिन्यांत मडम म्हणाली, या पोरीचे हात वेगळे आहेत, हिले मी डोंगरावरच्या बोर्डिंगच्या शाळेत घालते, फी माफ करून देते. पण ट्रंक, कपडे, रग अन् गाडीभाडं आपलं. माझ्या घरात तेव्हा दोन वेळचं पीठ नव्हतं.

त्याच चैत्रात कडूबा माझ्याकडं आला. त्याचे दोन पोरं शाळेत होते. मान खाली घालून म्हणाला, "निवृत्ती, लगीनसराईपुरतं दूर कुठी वाजवून येऊ काय? पोरं शाळेतून काढा लागतात." मी म्हटलं, "वाजवशील तं तुझं माझं नातं तुटलं. मेलास तरी खांदा द्याले येणार नाही." तो उठून गेला.

अन् पंधरा दिवसांनी मी गेलो.

वस्तीत सांगितलं, सातपुड्यात लाकूडतोडीले चाललो. जळगाव जामोदच्या अंगाले, डोंगराच्या पायथ्याशी, एका ताफ्याचा सनईवाला तापानं पडला होता. त्याची सनई घेतली अन् एकवीस दिवस लग्नात वाजवलं. गोठ्याजवळ जेवलो. तुझी ट्रंक त्यातली, ते दोन फराक त्यातले, रग त्यातला. तुझ्या मायलेही अजून माहीत नाही.

लाज वाटली. पण पोरी, खरं लिहितो, पहिल्या दिवशी सनई तोंडाले लावली अन् इतकं गोड वाटलं की डोळे भरून आले. लाजेपेक्षा ते गोड वाटणं मोठं होतं. पोटासाठी वाजवलं म्हणून मी स्वतःले माफ केलं असतं, पण या गोडीले माफी नाही.

कडूबाचे दोन्ही पोरं त्याच साली वीटभट्टीवर गेले. अजून तिथंच आहेत. कडूबाले जाऊन तीन वर्षं झाली. मी खांदा दिला. मागून लोकं बोलत होते की निवृत्तीबुवानं अन् कडूबानं शब्द पाळला, दोघंही सारखेच पक्के. मी मुकाट चालत राह्यलो.

आता तूच सांग, सनई वाजवत होतो असं छापलं तं ते अर्धं, अन् सोडली असं छापलं तं तेही अर्धं. मुंबईच्या कार्यक्रमाले इथले लोक येतील, ती पुस्तिका वाचतील. त्यांनी ते कागदावर वाचाच्या आधी माझ्या तोंडून ऐकलं पाहिजे. म्हणून हे पत्र आज टाकत नाही. आधी इथं सांगतो.

रविवार, दि. १४ फेब्रुवारी

आज सांगितलं.

सकाळी तुझ्या मायले सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटलंच होतं. लाकूड तोडणाऱ्याच्या हाताले एक फोड नव्हता." एवढी वर्षं ती गप्प बसली, पाहा.

मग वंदना झाल्यावर विहारात उभा राह्यलो. पंचवीसेक माणसं होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारं सांगितलं, कडूबाले काय बोललो तेही. गुलाबराव मास्तर म्हणाले, "जाऊ द्या बुवा, चौदा वर्षं झाली. पोरीसाठीच केलं ना तुम्ही." चार-सहा जणांनी माना हलवल्या. मले वाटलं, सुटलो.

तेवढ्यात बायांमधून रुखमाबाई बोलली, कडूबाची बायको. "पोरं तं मलेही होते, मास्तर."

ती उठून माझ्यापुढं आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "ते त्या दिवशी तुमच्याकडून आले अन् जेवले नाहीत. मी म्हटलं, गुपचूप जाऊन या, कोणाले कळते. तं म्हणाले, मग निवृत्तीले तोंड कसं दाखवू?"

मी हात जोडले. ती म्हणाली, "हात नका जोडू. तुमची पोरगी शिकली, तिचं चांगलं झालं, मले तिचा राग नाही. तिच्या कागदावर तुमचं नाव खुशाल छापा. पण त्याच्याखाली माह्या माणसाचं छापा. त्यानं सोडलं ते सोडलं."

मी हो म्हटलं. तुले न विचारता म्हटलं. तुझा कागद आहे, तुझं नाव आहे, तिकडचे छापणारे काय म्हणतील मले ठाऊक नाही. पण मी शब्द देऊन बसलो, अन् हा शब्द मले मोडता येणार नाही.

मुंबईले या खेपी मी येतो. माय येते. रुखमाबाईलेही विचारलं. ती म्हणाली, आधी छापून येऊ द्या, मग पाहू.

फोटो पाठवत नाही. कडूबाचा फोटो कुठंच नाही, तं माझा एकट्याचा काऊन? ओळी ह्या घे, जशाच्या तशा. यातला एक शब्दही गोड करू नको.

निवृत्ती हिवाळे, सावरवाडी. सनई वाजवत होता. १९५६ साली सोडली. पोरीच्या शाळेसाठी एकवीस दिवस पुन्हा वाजवली.

कडूबा साळवे, सावरवाडी. डफडं वाजवत होता. १९५६ साली सोडलं. पुन्हा वाजवलं नाही.

दोन्हीले जागा नाही असं ते म्हणाले, तं माझ्या ओळी काढजो.

तुझा बा,
निवृत्ती