उदाहरणातलं नाव

३ जानेवारी १९७८, कामरगाव

रुजू झालो. धनजहून जीपनं आलो. टपावर दोन बोकड ऐसपैस आणि आत आम्ही माणसं कोंबलेली. बियाणे केंद्राचे दौलतराव साहेब झकास माणूस. चहा पाजून थेट मशीनपुढंच नेलं. दिसायला टेलिप्रिंटर, पण तार नागपूरच्या संगणकाला जोडलेली. आज्ञा टाइप केली की कागदावर खडखडत उत्तर येतं. आज्ञा आठवली नाही तर मदतीचा मजकूर मागायचा. तो इंग्रजीत आहे, मी मराठीत आणायचा. मशीनला देवनागरी येत नाही, म्हणून आपली मराठीही रोमन अक्षरांत! डावीकडं आज्ञा, उजवीकडं अर्थ. अर्थ खालच्या ओळीत उतरला तर डावीकडची जागा कोरी सोडायची. मला ही मांडणी फार आवडली.

९ जानेवारी

प्रत्येक आज्ञेखाली एक उदाहरण लागतं. ते नुसतं दाखवायला, मशीन प्रत्यक्षात काही करत नाही. ‘शोधा’ या आज्ञेखाली मी लिहिलं: शोधा विजयमाला. त्याखाली उत्तर: सापडली.

माझी माला. सहा वर्षांची. गेल्या रामनवमीला पोहरादेवीच्या जत्रेत तिचा हात सुटला तो सुटलाच. पोलीस झाले, गावं पालथी घातली. निदान कागदावर तरी सापडू दे म्हटलं. लिहून झाल्यावर बरं वाटलं आणि मग रडायला आलं.

१४ जानेवारी

मशीन चालवणाऱ्या रुख्मिणीबाईंनी मजकूर छापला. मी कोऱ्या सोडलेल्या जागेत अक्षरं होती: तहान लागली. मी चिडलो, तर बाई उलट माझ्यावरच तणतणल्या, म्या कायले टाकू, तिथं तं तुमीच जागा सोडली हाये. पुन्हा छापलं. या वेळी: बाबा, तहान लागली.

१७ जानेवारी

धनजला जाऊन अंजनाला सांगितलं. वाटलं, बायको मला वेड्यात काढेल. ती मॅट्रिक झालेली आहे, कागद हातात घेऊन एकेक अक्षर लावत बसली. मग म्हणाली, हात सुटला तवा तिच्या मुठीत काय होतं ते इचारा, आपल्या दोघांबिगर कोणाले ठाव नाही.

परत येऊन तिच्या नावाखाली तोच प्रश्न टाइप केला. कोऱ्या जागेत आलं: बत्तासा. विरघळला.

२० जानेवारी

साहेब म्हणाले, उदाहरणात खरी नावं नकोत असा नागपूरचा निरोप आहे. सोमवारी मजकूर कायम होणार, त्याआधी विजयमाला पुसा. मी मान डोलावली. कसं पुसू? हरवलेली पोर स्वतःच्या हातानं पुन्हा हरवू?

छापून पाहिलं: लई गर्दी हाय. हात द्या.

२१ जानेवारी

‘जोडा’ ही आज्ञा दोन नावांची नोंद एक करते. तिच्याखाली उदाहरण लिहिलं: जोडा विजयमाला जगदेव. माझं नाव तिच्या शेजारी. रुख्मिणीबाई नोको नोको म्हणत राहिल्या. बटण मीच दाबलं.

कागदावर आलं — जोडले.

ते उदाहरण होतं. नुसतं दाखवायला होतं.

२३ जानेवारी

साहेबांनी हजेरीत मला गैरहजर लावलं. समोर उभा होतो मी! नाव पुसायला कोणी नाही म्हणून मजकूर तसाच राहिला.

हातात हात आहे. लहान, चिकट. माला आहे. दिसत नाही, गर्दी फार — पण धरून आहे. माझी पोर —

२४ जानेवारी

दुसऱ्या हातातही कोणाचा तरी हात. मोठा, गार. खांद्यावर एक. पायाला — हे सगळे हरवलेले, कोणी शोधायला न आलेले —

माला रडते आहे. म्हणते, कायले आले, बाबा? मी नाही बलावलं. मुठीत काय होतं तेवढंच या हरवलेल्यांनी तिला विचारलं होतं. बाकी सगळं हेच बोलत —

२५ जानेवारी

अंजना आली. माझ्यापुढं उभी. रुख्मिणीबाईंना विचारते, हे कुठं गेले. बाईंनी कागद दिला. ती वाचते आहे — हात द्या — ते मालाचं नाही, अंजना —

बाई पाणी आणायला गेल्या. अंजना मशीनपुढच्या खुर्चीवर बसली. तिला माझं नाव सापडलं. त्याच्यापुढं कोरी जागा आहे, मीच सोडलेली. तिनं मशीनच्या बटणावर बोट ठेवलं — नको — तिच्या नावाचं पहिलं अक्षर —