हसु म्हणजे गाय

केशवापूर, हुबळी
२२ जून २०२४

ती. सौ. हेमाअक्कास,
श्रीवत्सचा सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर मी नुसतं हं हं करतो आणि त्याच वेळी दुसरंच काहीतरी वाचत असतो, हे तुला अळणावरात बसून ऐकू येतं, असं तू तुझ्या भावजयीला, स्मृतीला सांगितलंस म्हणे. तिनंही लगेच दुजोरा दिला. दोघींपुढं माझं काय चालणार?

काम असं आहे. बंगळूरच्या एका संस्थेनं अनुदान जाहीर केलंय. शिक्षक घडवणारं एक कॉलेज आणि एक प्राथमिक शाळा यांनी मिळून पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवण्याची रीत सुधारायची, असा विषय. आमच्या धारवाडच्या डी.एड. कॉलेजचा अर्ज मी लिहिलाय आणि शाळा म्हणून तुझी शाळा घातलीय. घरी मराठी बोलणारी एकोणीस मुलं पहिल्याच दिवसापासून कन्नड पुस्तक हातात घेतात, असा वर्ग दाखवला तर अर्ज उठून दिसेल, असं आमचे प्राचार्य राघवेंद्र सर म्हणाले.

अर्ज सोबत आहे. चौदाव्या पानावर मुख्याध्यापिका म्हणून तुझी सही हवी. सगळं वाचायचे कष्ट घेऊ नकोस, नुसती सही करून पाठव.

भावजींना नमस्कार. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
श्रीवत्स


अळणावर
२८ जून २०२४

चि. श्रीवत्स यास,
अनेक आशीर्वाद.

वाचू नकोस म्हणालास, म्हणून तो अर्ज दोनदा वाचला. त्यात ‘भाषिक वंचितता’ अकरा वेळा आहे आणि एकाही मुलाचं नाव नाही. माझी मुलं वंचित नाहीत रे. तुझ्या प्राचार्यांपेक्षा जास्त बोलतात आणि मुद्द्याचं बोलतात. पुस्तकातलं कन्नड तेवढं त्यांच्या कानावरून कधी गेलेलं नसतं. अक्षरं सगळी घडाघडा म्हणतात, पण शब्द वाचला की तो कुणाचा, कशाचा, ते कळत नाही. दुखणं एवढंच आहे. त्याला तू चौदा पानं गुंडाळलीस.

आणि माझ्या शाळेला तू ‘लाभार्थी’ लिहिलंस? वाढप्यापुढं द्रोण धरून उभं केल्यासारखं वाटलं. लाल पेनानं खोडून ‘भागीदार’ लिहिलंय. सात ठिकाणी. मोजून घे.

दुसरी अट. दर मंगळवारी तू स्वतः येऊन दिवसभर पहिलीचा वर्ग घ्यायचास. वाचन कसं शिकवावं हे तू वीस वर्षं शिकवतोयस. एका तरी मुलाला वाचायला शिकवलंयस का? तुझा श्रीहरीसुद्धा दोन सुट्ट्यांत माझ्याकडेच वाचायला शिकला.

चेष्टा पुरे. पुढच्या मेमध्ये मी निवृत्त होतेय. माझ्यानंतर येणाऱ्या बाईंना मराठी येईलच असं नाही. मग या पोरांनी ‘घर’ म्हटलं तर ते कळणार कुणाला? म्हणून हे अनुदान मलाही तुझ्याइतकंच हवंय, फक्त तुझ्या शब्दांत नको. अटी मान्य असतील तर सही केलीच आहे असं समज.

स्मृतीला आशीर्वाद. रागावला असशील तर दोन दिवस राग, मग लोभ.

तुझी,
अक्का


केशवापूर, हुबळी
११ सप्टेंबर २०२४

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

अनुदान मिळालं आणि मंगळवार सुरू झाले, हे तुला ठाऊक आहेच. काल बसस्टँडवर तू विचारलंस, तेव्हा मी वर्ग छान झाला म्हणालो. ते खोटं होतं. शेजारच्या खोलीत तू दुसरीचा वर्ग घेत होतीस, त्यामुळं तुला काही दिसलं नाही, हे माझं नशीब.

पहिल्या मंगळवारी मी फळ्यापुढं उभा राहून आज आपण ध्वनी ओळखायचा असं म्हणालो. एकानं विचारलं, ध्वनी कोण, नवी पोरगी आलीय का? सगळे दाराकडं बघायला लागले. दुसऱ्या मंगळवारी माझे तक्ते वाऱ्यानं उडाले आणि ते गोळा करण्यात तास गेला. मुलांना तो तास सर्वांत आवडला. काल मात्र सटवाजीची योगिता उठून जवळ आली आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, की सर, तुम्ही भिऊ नका. अक्का, बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसलो होतो.

तुझ्या गावात राहायला आलेले माझे दोन विद्यार्थी, दीपश्री आणि मुकुल, माझ्याहून हुशार निघाले. मुलं जे बोलतात तेच दीपश्री कार्डावर लिहिते. शब्द मराठी, अक्षरं कन्नड; आणि कार्डाच्या पाठीवर त्यातल्याच एकदोन शब्दांना पुस्तकातलं कन्नड. योगितानं सांगितलं, आजी भाकरी करती आणि मांजर राखण बसतंय. दीपश्रीनं ते लिहून वाचून दाखवलं. योगितानं चार वेळा वाचायला लावलं, मग कार्ड हिसकावून घरी पळाली. हे असलं काही कुठल्याच पुस्तकात मी वाचलेलं नाही. दीपश्रीला विचारलं, तर तिनं तुझ्याकडं बोट दाखवलं.

चुकत असेन तिथं कान धरावा; तो अजून तुझ्याच ताब्यात आहे.

तुझा,
श्रीवत्स


अळणावर
९ जानेवारी २०२५

चि. श्रीवत्स यास,
आशीर्वाद.

कान धर म्हणाला होतास. आज दोन्ही धरते.

तुमची डिसेंबरची परीक्षा झाली. शब्द वाचायचा आणि खालच्या चार चित्रांतल्या बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. कागदावर कन्नडमध्ये ‘हसु’ छापलेलं होतं. योगितानं अक्षर अक्षर लावून स्वच्छ वाचलं, ह, सु, हसु. आणि हसली. चित्रं होती गाय, झाड, बस आणि घागर. त्यांत कुणीच हसत नव्हतं. म्हणून तिनं बोट तुझ्याकडं केलं, कारण तू हसत होतास. आणि तू शून्य दिलंस.

अरे, ‘हसु’ म्हणजे गाय हे पुस्तकातलं कन्नड. आपल्या भागातला कानडी माणूससुद्धा गायीला ‘आकळ’ म्हणतो. तिच्या घरी ती गाय. मग तिनं वाचलं नाही असं कसं म्हणतोस? वाचलं, आणि तिला जो अर्थ माहीत होता तोही लावला. एकोणीसपैकी पाचच मुलं पास, असं तुझ्या कागदावर आलं. माझ्या वर्गात वाचता येणारी मुलं पाचच नाहीत.

पण माझा राग त्याचा नाही. संस्थेला जाणाऱ्या अहवालात कार्डांचा उल्लेखच नाही, असं दीपश्रीकडून कळलं. ती बिचारी सांगताना रडवेली झाली होती. कन्नड शाळेत मराठी शब्द लिहिले म्हणून उगाच भाषेचा वाद होईल, अशी राघवेंद्र सरांना भीती, आणि तू मान डोलावलीस. श्रीवत्सा, मी हे चोवीस वर्षं करतेय, पण दार लोटून. साहेब आले की पाटी पुसायची. या वर्षी पहिल्यांदा दार उघडं ठेवलं, कारण माझा भाऊ कॉलेजचं नाव घेऊन शेजारी उभा होता. तूच दार लावलंस.

त्या अहवालावर कॉलेज आणि शाळा, दोघांच्या सह्या लागतात ना? माझी होणार नाही. दुसऱ्या वर्षाचं अनुदान गेलं तर जाऊ दे.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही. तो आहे तिथं आहे.

हेमावती


केशवापूर, हुबळी
१६ जानेवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
साष्टांग नमस्कार, आणि या खेपेला तो खरोखरच लांब पडून.

तू ‘अक्का’ न लिहिता ‘हेमावती’ लिहिलंस, ते स्मृतीनं आधी पाहिलं आणि पत्र माझ्या हातात देताना त्या सहीवर बोट ठेवलं. त्यावरूनच काय ते समजलो.

शनिवारी मुकुलला घेऊन मुलांकडून त्यांचीच कार्डं वाचून घेतली. एकोणीसपैकी चौदा मुलांनी अडखळल्याशिवाय वाचली, आणि अकरा मुलांनी कार्डाच्या पाठीवरचे कन्नड शब्दही अर्थासकट सांगितले. म्हणजे तुमच्या वाटेनं मुलं कन्नडकडेच जात होती. मीच उलट्या बाजूला उभा होतो.

सोमवारी सरांच्या खोलीत गेलो. अहवालात पाच आणि चौदा हे दोन्ही आकडे जातील, आणि दोन्हींत फरक का पडला तेही जाईल, असं सांगितलं. सर म्हणाले, उद्या कुणी बातमी केली तर? मी म्हटलं, अक्षरं कन्नड शिकवतो, शब्द मुलांचे घेतो, त्यात लपवायचं काय आहे? आणि पुढं म्हणालो, की वगळायचंच असेल तर माझं नावही वगळा. सरांनी पंख्याकडं पाहिलं आणि डोळे मिटून सही केली. खरंच मिटून, सही ओळीच्या खाली घसरलीय.

‘योगितानं बरोबर वाचलं, परीक्षकाला कळलं नाही,’ हे वाक्य मी माझ्या नावानं घातलंय. नवा अहवाल सोबत आहे. या वेळी कृपा करून सगळा वाच.

पुढच्या पत्राखाली अक्काच असावी, एवढंच मागणं.

तुझा,
श्रीवत्स


अळणावर
२० फेब्रुवारी २०२५

चि. श्रीवत्स यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सही केली ती केलीच. शुद्धलेखनाच्या तीन चुकाही काढल्या, प्राध्यापक!

आता काल काय झालं ते ऐक. कॉलेजचं कुणीही हजर राहायचं नाही, अशी संस्थेची अट होती, म्हणून तुला बघता आलं नाही. पाहणीला आलेल्या पद्मा मॅडम मूळच्या म्हैसूरच्या. मराठीचा एक शब्द येत नाही. कडक इस्त्रीची साडी, हातात तुझा अहवाल आणि त्यात जागोजागी खुणा. मला वाटलं, संपलं.

त्यांनी मुलांना वाचायला सांगायच्या आधीच योगितानं आपली वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि आधी तुम्ही वाचा असं खुणेनं सांगितलं. मॅडमनी वाचलं. कन्नड अक्षरंच ती, त्यांना काय अवघड! चुलीपुढं मांजर निजलंय, त्याला उठवू नका, असं एका दमात, ऐटीत वाचलं. वर्ग खूश. मग योगितानं पाटीवर चार चित्रं काढली, भाकरी, मांजर, बस आणि झाड, आणि बोट ठेवा म्हणाली. मॅडमनी पाटीकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं आणि बसवर बोट ठेवलं.

पोरं असली हसली की शेजारचा दुसरीचा वर्ग दारात जमला. योगितानं मला गंभीरपणे विचारलं, यांना शून्य देऊ का? मी म्हटलं, पाहुण्या आहेत, राहू दे.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. पाटी हातात धरूनच त्यांनी हळूच कन्नडमध्ये मला विचारलं, आमचं पुस्तक उघडलं की तुमच्या मुलांना रोज असं होतं का? मी म्हटलं, रोज होतं, आणि त्यांना तर शेवटी चहाही मिळत नाही. तेव्हा हसल्या. नंतर दोन तास जमिनीवर बसून त्यांनी एकेक कार्ड ऐकलं, आधी पुढची बाजू, मग पाठीवरचं कन्नड. योगितानं त्यांना ‘बेक्कु’ वाचून दाखवला आणि म्याव करून अर्थही सांगितला, न जाणो पुन्हा बस दाखवतील म्हणून.

निकाल काय लागेल ते देव जाणे. पण काल माझ्या वर्गाचं दार उघडं होतं आणि मला भीती वाटली नाही. तू पाठीशी होतास म्हणून, हे एकदाच लिहिते. पुन्हा विचारू नकोस.

जेवणखाण वेळेवर कर. माया होती तेवढीच आहे, मापायला येऊ नकोस.

तुझी,
अक्का


केशवापूर, हुबळी
२ एप्रिल २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

दुसरं वर्ष मंजूर! राघवेंद्र सरांनी स्वतः पेढे वाटले आणि कार्डांची कल्पना पहिल्यापासून आपल्याला पसंत होती असं सर्वांना सांगितलं. मी मान डोलावली. या वेळी डोलावायला हरकत नव्हती.

परीक्षेचा कागद बदलणार आहे. मुलाला त्याच्या घरच्या बोलीत अर्थ सांगायची मुभा राहील. दोन विद्यार्थी वर्षभर तुमच्या गावात राहतील. जूनमध्ये नव्या बाई कुणीही येवोत, त्यांच्या हाताशी दीपश्रीनं लावून ठेवलेली तीनशे कार्डं आणि मुलांचं बोलणं समजणारं एक माणूस असेल.

मंजुरीपत्रातलं नववं कलम मात्र बसून वाच. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापिकांनी आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात येऊन भावी शिक्षकांना शिकवावं, आणि तेव्हा प्राध्यापकांनीही वर्गात बसावं. म्हणजे मी. तू वीस वर्षं प्राध्यापकांची टिंगल केलीस, आता तुला त्यांच्याच खोलीत चहा प्यावा लागेल. चहा वाईट असतो.

नाही म्हणू नकोस. आधी लोभ, मग बाकीचं.

तुझा,
श्रीवत्स


अळणावर
१२ एप्रिल २०२५

चि. श्रीवत्स यास,
आशीर्वाद.

येते. पण चहा घरून आणीन.

परवा शाळेला सुट्टी लागली. माझा तो शेवटचा वर्ग. रडायचं नाही असं ठरवलं होतं, आणि जमलंही असतं, पण योगिताची आजी सखूबाई भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन आली आणि भांडायलाच लागली, की तुम्ही चालला तर पोरगीला कुणाच्या जिवावर धाडू? दीपश्री पुढं झाली आणि मी आहे म्हणाली. सखूबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, पोरगी बारीक आहे पण चालेल म्हणाली आणि अर्ध्या शेंगा तिला दिल्या. मग मात्र मी खोलीत जाऊन पाच मिनिटं कपाट आवरलं.

योगितानं तुझ्यासाठी चिठ्ठी दिलीय. एकटीनं लिहिलीय, कुणी सांगितलेली नाही. शेवटच्या मंगळवारी तू लांडग्याची कसली गोष्ट सांगितलीस, तिच्याबद्दल तक्रार दिसते. मूळ कागद कन्नड अक्षरांत आहे. आपल्या सांगलीच्या स्मृतीलाही वाचता यावा म्हणून खाली मराठीत उतरवून देते. एक अक्षर बदललेलं नाही.

सुखी राहा, आणि उत्तर मला नको, तिला लिही.

तुझी,
अक्का


सर

तुम्ही बोल्ला लांडगा मेला. मेला नाही. मी बगितला. तो लई दमला होता म्हणून निजला होता. मग उटला. मग अळणावरच्या गाडीत बसला. तिकीट काडला. आता धारवाडात हाय. तुमच्या शाळेत येईल. त्याला मारू नका. त्याला वाचाय शिकवा. भिऊ नका.

योगिता