दारात आलेली साखर

सोमवार, ९ जानेवारी
आधी वाटलं मधमाशी चावली! जानेवारीत कुठली मधमाशी. माझ्या इट्टोच्या उजव्या हाताचं मधलं बोट नुसतं वांगं झालंय. तीनतीनदा विचारलं. शेवटी म्हणाली, "गणित चुकलं. पाची बोटं जुळवून वर धर म्हणाले. मग पाइप."
गॅसचा रबरी पाइप. जिलाली मास्तर तो बाहीत घेऊन फिरतो म्हणे. बाहेर बर्फ, वर्गात शेगडी नाही, आणि असल्या गारठलेल्या बोटांवर!
डोकं फिरलंय. अक्षरंसुद्धा वाकडी येतायत.

मंगळवार, १०
हाड मोडलंय. खनिफ्राच्या दवाखान्यात फोटो काढला, पट्टी बांधली. येताना बसमध्ये पोरगी म्हणते — "मी आता शाळेत जाणार नाही." जूनमध्ये नववीची परीक्षा! मी म्हटलं, जाशील, कशी जात नाहीस. ती खिडकीबाहेर बघत बसली.

बुधवार, ११
शाळेत गेले. जिलाली मास्तर काल मिसरूड फुटलेला, पण खुर्चीतून उठला नाही. म्हणतो, "नाव घालताना तुमच्या नवऱ्यानेच म्हटलं होतं ना — तुम्ही मारा, आम्ही पुरू?"
अरे, ते सगळेच बाप म्हणतात! म्हणायची रीत आहे. कोणी खड्डा खणून ठेवतं का?
मी म्हटलं, "मग बोट पुरते आधी. बाकीची पोर हप्त्याहप्त्याने पाठवून द्या."
मुख्याध्यापक मध्ये पडले. "आई, शांत व्हा. एवढी पोरं एका वर्गात, शिस्त नको?"
शिस्त! बकऱ्या मीपण राखते. अजून एकीचा पाय मोडला नाही.
तशीच ठाण्यात गेले. तक्रार दिली. खाली सही केली — अंगठा नाही! मशिदीतल्या बायांच्या वर्गात शिकले ते कामाला आलं.

गुरुवार, १२
हद्दूचा फोन, अगादीरहून, ट्रक चालवता चालवता. "तक्रार मागे घे. पोरीला नापास करेल तो." फोन ठेवून दिला. नवरा आहे की मास्तराचा मेहुणा?

शनिवार, १४
शेजारची फत्तूम. "अगं, मास्तर गेला तर गणित कोण शिकवणार? मागचं अख्खं वर्ष गणिताविना गेलं." खरं आहे. म्हणून तर जास्त राग येतो.
इट्टो बकऱ्या घेऊन जाते. डाव्या हातात काठी. मीपण तिच्या वयात अशीच गेले होते बकऱ्यांमागे. ती कायमचीच गेले. बघवत नाही मला.

रविवार, १५
मास्तराची आई आली. बरोबर मशिदीतले दोन म्हातारे, आणि निळ्या कागदात साखरेचा सुळका. मास्तर स्वतः नाही!
साखर दारात आली म्हणजे काय, ते शेंबडं पोरही जाणतं. घरात घेतली, फोडली, तिचा चहा पाजला — भांडण मिटलं. मग ठाण्यातही कोणी विचारत नाही.
मी दार अडवून उभी. "माझा एकुलता एक आहे हो," म्हातारी रडायला लागली. मी म्हटलं, "माझ्या पोरीची बोटंपण मोजकीच आहेत."
गेले. सुळका उंबऱ्याबाहेर ठेवून गेले.

सोमवार, १६
सत्यानाश! मी चाऱ्याला गेले आणि सासूबाईंनी साखर फोडली! परत येते तर तेच दोन म्हातारे आत, हातात पेले, पुदिन्याचा वास घरभर.
"काय केलंत हे?"
"बर्फात भिजत होती ती. आणि या घराच्या दारातून कधी कोणाची साखर परत गेली नाही, सूनबाई."
"ती साखर नव्हती, इट्टोचं बोट होतं!"
"ओरडू नकोस. पाहुणे आहेत."
पाहुणे! त्यांनी दुसरा पेलाही मागितला.

मंगळवार, १७
ठाण्यातला म्हणतो, "चहा झाला ना, आई? मग आता काय?" दात काढत. मी तर एक घोटपण घेतला नव्हता!!

बुधवार, १८
सासूबाईंशी बोलत नाही. भाकरी पुढे ठेवते, तोंड फिरवते.

गुरुवार, १९
इट्टोची पट्टी बदलली. सासूबाई जवळ येऊन बसल्या. उघडं बोट त्यांनी आजच पाहिलं. काळं-निळं, वाकडं. म्हाताऱ्या हातात धरून ठेवलं.
मग विचारलं, "मास्तर आला होता का गं साखर घेऊन? स्वतः?"
"नाही. त्यांची आई."
"आणि तुला काही म्हणाला?"
"नाही, लल्ला." आजीला ती लल्लाच म्हणते.
तशाच उठून गेल्या. जेवल्यासुद्धा नाहीत.

शुक्रवार, २०
सकाळी खुंटीवर इट्टोचा शाळेचा पांढरा झगा नाही. दप्तर नाही. बिछान्यात सासूबाई नाहीत! कुठे शोधू म्हणून पायात चपला सरकवतेय तर फत्तूम धापा टाकत आली.
"अगं, तुझी म्हातारी शाळेच्या फाटकात बर्फात बसलीय! मांडीवर साखरेचा नवा, अख्खा सुळका. म्हणते, भांडण मिटलेलं नाही, मास्तराने स्वतः येऊन आपली साखर परत घ्यावी, तोवर मी उठत नाही!"
"आणि इट्टो?"
"वर्गात. पहिल्या बाकावर."