बसून करायचं काम

ता. ४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढचं डावं चाक बसलं आहे. उजवं आमची ही धरून उभी आहे. तिचा हात भरून आला की मला लिहिणं थांबवावं लागेल. पुस्तिकेत म्हटलंय की प्रत्येक टप्प्यानंतर थांबून खात्री करून घ्यावी. मी थांबलो आहे. खात्री करून घ्यायला तुझ्याशिवाय कोणी नाही.

शाळेने मैदानासाठी गवत कापायचं यंत्र घेतलं. बसून चालवायचं. लाकडी खोक्यातून सुटं आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून विचारलं की जोडून चालवाल का, आणि मी हो म्हणालो. हो म्हटल्यावर खोका पाहिला. संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात ठेकेदार आहे. त्याचं यंत्र, त्याचा माणूस. बाई माझ्या बाजूने बोलल्या म्हणून मला महिना मिळाला. एकोणतीस तारखेला अध्यक्ष स्वतः येऊन पाहणार. पसंत पडलं तर मी कायम, नाही तर ठेकेदार.

तुला माहीतच आहे, चाळीस वर्षं मी साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर काढली. स्टूल नावाला. घंटा वाजली की ऊठ, साहेब आले की ऊठ, साहेब गेले की ऊठ. आता साठीनंतर पहिल्यांदा असं काम मिळतंय की जे बसल्याशिवाय होतच नाही. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की चालकाने आसनावर बसून राहावं. मी ते हिला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, वाचणं झालं असेल तर चाक धरा.

संध्याकाळी पुढे लिहितो आहे. सगळं जोडून झालं. खोका रिकामा आहे. एक बोल्ट उरला आहे. हिचं म्हणणं, जास्तीचा दिला असेल. लोक इतके चांगले असतात का?

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, त्याला अधूनमधून वंगण देत जावं.

तुझा,
धाकटा


ता. ८ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जास्तीचा बोल्ट कोणी देत नाही. सगळं खोल आणि पहिल्यापासून जोड. आम्ही ऑपरेशनमध्ये सुरुवातीला फडकी मोजायचो आणि शेवटी मोजायचो. एक कमी भरलं तर पोट शिवत नसू, मग बाहेर कोणी कितीही घड्याळ दाखवो. तू यंत्र शिवून मोकळा झालास आणि फडकं हातात धरून मला पत्र लिहितोस.

तुझे दाजी शेजारी बसून सांगताहेत. बस डेपोतून सुटले तरी डेपो त्यांच्यातून सुटला नाही. त्यांचं म्हणणं, नव्या इंजिनाचं पोट बहुधा रिकामं येतं. ऑइल घाल, पट्टी बुडवून पाहा, मगच चावी फिरव. बॅटरीची लाल वायर आधी, काळी नंतर. काढताना उलट. पेट्रोल इंजिन गार असतानाच. गरम इंजिनात पेट्रोल ओतणाऱ्याच्या भुवया परत येतात, पण सारख्या येत नाहीत, असं ते म्हणतात. हे अनुभवाने म्हणतात. तू त्यांचा लग्नातला फोटो पाहिला आहेस.

माझं एकच. मी एकतीस वर्षं अपघात विभागात होते. झाकणाखाली हात घालायचा तर आधी चावी काढायची, प्लगची वायर काढायची आणि मगच. पात्याला माणूस ओळखू येत नाही. गवत कापण्याआधी मैदान पायी फिर, दगड नि तारा वेच.

पायाची बोटं मोजून मग उत्तर लिही. दहा भरली तर आमची माया जशीच्या तशी आहे.

ताई


ता. १३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहा भरली.

बोल्ट सुकाणूच्या दांड्याचा निघाला. तो न घालता चालवलं असतं तर चाक माझ्या हातात आलं असतं आणि यंत्र त्याला वाटेल तिकडे गेलं असतं. हिला हे सांगितलं. ती म्हणाली, तिने आधीच सांगितलं होतं. तिने याच्या बरोबर उलट सांगितलं होतं, पण घरात लेखी काही नाही.

यंत्र चालतं. ताई, काय चालतं! मी मध्ये बसतो आणि गवत आपोआप आडवं होत जातं. पहिल्या दिवशी अर्धं मैदान केलं आणि घरी येऊन सांगितलं की मी दमलो नाही. कोणाला पटलं नाही.

आता अडचण. ते मध्येच बंद पडतं. पेट्रोल भरलेलं, ऑइल बरोबर, तरी एकदम गप्प. आणि फक्त ऑफिसच्या व्हरांड्यासमोर. पलीकडच्या टोकाला तासभर सुरळीत. व्हरांड्यासमोर आलं की कधी सकाळी, कधी मधल्या सुट्टीत, जीव सोडतं. मी वही ठेवली आहे. तीन दिवसांत अकरा वेळा. दुकानाचा मेकॅनिक आला, त्याने व्हरांड्यासमोरच दीड तास गोल गोल चालवलं. एकदाही बंद पडलं नाही. माझ्याकडे विचित्र नजरेने पाहून गेला. मला वाटतं जमिनीखाली काहीतरी आहे.

काल अध्यक्ष सहज म्हणून डोकावले, तेव्हाही मी बंद यंत्राशेजारी उभा होतो. ते काही बोलले नाहीत. साहेब बोलत नाहीत तेव्हा काय असतं, ते मला चाळीस वर्षांनी कळतं.

ठेकेदाराचा ड्रायव्हर कुंपणापाशी भेटला. माणूस मोकळा आहे. त्याने सांगितलं की आसनाखाली एक कळ असते, सगळी कटकट तिची. तिच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या, मग यंत्र कशाने थांबत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी तसं केलं. रविवारी शाळा बंद असते, तेव्हा मी जोडून घेतो.

आसनावरून कळवतो की लोभ वाढता ठेवावा.

धाकटा


ता. १४ सप्टेंबर

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता टाकते आहे. यांचंही पत्र कालच्याच टपालाने आलं असेल. जमिनीखाली काही नाही.

मी बुधवारी डबा द्यायला गेले आणि भिंतीपाशी थांबून पाहिलं. हे ऐटीत चालले होते. बाई व्हरांड्यात आल्या. हे ताडकन उभे राहिले, चालत्या यंत्रावर, आणि मान लववली. यंत्र बंद. बाई आत गेल्या. हे खाली बसले, चावी फिरवली, वहीत वेळ लिहिली. दहा मिनिटांनी बाई कुंडीला पाणी घालायला आल्या. पुन्हा तेच. मेकॅनिक उठला नाही, कारण त्याला बाई कोण तेच माहीत नव्हतं.

रात्री जेवताना मी हळूच सांगून पाहिलं. हे रागावले. म्हणाले, मी कधी उठलो? हे म्हणताना ते उभे होते, कारण शेजारचे सर फाटकात आले होते.

माझं ऐकायचे नाहीत. तुम्ही तुमच्या अकलेने ओळखलंत असं लिहा. तोवर यंत्राची चावी माझ्याकडे आहे. कुठे ते तुम्हालाही सांगत नाही, तुम्ही भावाला सांगाल. हे सकाळपासून घर पालथं घालताहेत. त्या निमित्ताने माळा आवरून झाला.

तुमची मर्जी आहे तशी राहू द्या.

तुमची भावजय


ता. १७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्या वायरींना हात लावायचा नाही. हे आधी वाच, दोनदा वाच, मग पुढे जा.

यंत्र बिघडलेलं नाही. तू उठतोस म्हणून ते थांबतं. ती कळ त्यासाठीच असते. माणूस आसनावर नाही म्हणजे पडला असेल किंवा उतरला असेल असं समजून ती पातं थांबवते. वहीतल्या अकरा वेळांसमोर बाई कुठे होत्या ते आठवून लिही. मी हे माझ्या अकलेने ओळखलं.

आमच्याकडे एक माणूस आला होता. पात्यात फांदी अडकली म्हणून उतरला. कळ त्याने आधीच बाद केली होती, कारण ती त्याला त्रास देत होती. त्याची बायको मागून बूट घेऊन आली. बूट पिशवीत होता. आम्ही तिला पिशवी उघडू दिली नाही.

तेव्हा क्रम पाठ कर. पातं बंद. ब्रेक. इंजिन बंद. चावी खिशात. पातं स्थिर होईपर्यंत बसून राहा. मग ऊठ, आणि वाकायचं तेवढं वाक. उतारावर सरळ वर आणि सरळ खाली जा, आडवा जाऊ नकोस, यंत्र कलंडतं. मूल मैदानात आलं की पातं बंद, मग ते कितीही लांब असो.

चावी मिळाली असेल तर भावजयीला माझे आशीर्वाद सांग. नसेल मिळाली तर दुप्पट सांग.

ताई


ता. २१ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वायरींना हात लावला नाही, तेव्हा हिने चावी परत दिली. वही पाहिली. अकराच्या अकरा वेळा बाई.

मला उठल्याचं कळत नाही ग. गुडघे उठतात, मी त्यांच्याबरोबर जातो. घरी सराव केला. मी खुर्चीवर बसायचं आणि हिने बाई होऊन दारातून यायचं. वीस वेळा आली. एकोणीस वेळा मी उठलो. विसाव्या वेळी पायाला मुंग्या आल्या होत्या. हिला बाई होणं इतकं आवडलं की सराव संपल्यावरही तिने मला दोन कामं सांगितली.

मग वाटलं, कमरेला पट्टा लावून स्वतःला आसनाला बांधून घ्यावं. तुझं मत कळव.

बाईंना सांगून टाक, असं ही म्हणते. काय सांगू? की मी काम करत असताना तुम्ही बाहेर येऊ नका? माझ्यासाठी त्या अध्यक्षांशी भांडल्या. त्या समोर आल्या आणि मी बसून राहिलो, हे मला जमायचं नाही. आठ दिवस उरले आहेत. नाहीच जमलं तर मी स्वतःच सोडतो. ठेकेदाराचा माणूस वाईट नाही. पण मला ते काम फार आवडलं होतं, एवढं तुला माहीत असावं.

माझ्यावर चिडलीस तरी चालेल, पत्र मात्र पाठव.

धाकटा


ता. २४ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बांधून घ्यायचं नाही. या यंत्राला डोक्यावर लोखंडी कमान नसते. उतारावर कलंडलं तर उडी मारून सुटता आलं पाहिजे. बांधलेला माणूस त्याच्याखाली जातो. दाजी म्हणाले, हा पुढे काय, यंत्रावर गादी घालणार का? मी त्यांना गप्प केलं.

सोडायचंही नाही. ऐक. आमच्याकडे मोठे डॉक्टर आत आले की सगळे भिंतीला लागत. मेट्रनसुद्धा. पण जिने रुग्णाची शीर दाबून धरलेली असे, ती मानही वर करत नसे. डॉक्टर तिलाच वळसा घालून जात. पहिल्या वर्षी एकदा ती मी होते. मला वाटलं, आता नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारून घेतलं. तिथे मी हललेच असते तर मान राखला गेला असता आणि माणूस गेला असता.

तुझ्याखाली पातं फिरतंय. मैदानात दोनशे पोरं खेळतात. तू बसून राहिलास की तो कोणाचा अपमान होत नाही. तुझ्या बाईंना हे कळत नसेल, तर त्या बाई तुला वाटतात तशा नाहीत.

इथे सगळे बरे आहेत. तुझ्यावर चिडायला मला वेळ आहे, पण इच्छा नाही.

ताई


ता. २९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं. क्रमाने सांगतो.

मी उतारावर होतो, सरळ खाली येत. अध्यक्ष, बाई आणि ठेकेदार व्हरांड्यातून निघाले आणि गवतावरून माझ्याकडे चालू लागले. गुडघे उठले. मी आसनापासून दोन बोटं वर गेलो. इंजिन खोकलं. मी सुकाणू धरून स्वतःला खाली ओढलं. माणसं जवळ येत होती म्हणून पातं बंद केलं. सपाटीला आलो. ब्रेक, इंजिन, चावी खिशात. अध्यक्ष समोर येऊन उभे राहिले होते. मी बसलेलाच. पात्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत मी त्यांच्या बुटांकडे पाहत राहिलो. आयुष्यात इतका वेळ कोणाच्या समोर बसलो नव्हतो.

अध्यक्षांनी बाईंना विचारलं की या माणसाला रीत कळत नाही का. बाई म्हणाल्या, त्यांचं काम अजून संपलेलं नाही, संपलं की उठतील. पातं थांबलं. मी उठलो आणि वाकलो. थोडा जास्तच वाकलो असेन.

मग ठेकेदाराच्या ड्रायव्हरने आपलं यंत्र चालवून दाखवायला उताराच्या माथ्यावर आणलं आणि अध्यक्षांना पाहून तोही आदराने खाली उतरला. चालत्या यंत्रावरून, ब्रेक न लावता. त्याचं यंत्र थांबलं नाही. ते एकटंच खाली निघालं, पातं फिरवत, सावकाश, सरळ अध्यक्षांच्या रोखाने. ताई, त्या माणसाचं वजन आणि वय पाहता ते ज्या वेगाने धावले तो शाळेत याआधी नोंदला गेला नसेल. यंत्र लांब उडीच्या वाळूत जाऊन रुतलं. कोणाला काही झालं नाही. ड्रायव्हर पांढरा पडून उभा होता. मी त्याला पाणी दिलं. वाळूतून यंत्र काढायला मदतही केली, आधी चावी काढून.

अध्यक्ष श्वास परत आल्यावर एवढंच म्हणाले की निर्णय उद्या कळवतील. बाई त्यांच्या मागोमाग ऑफिसात गेल्या.  म्हणून पत्र बंद न करता ठेवतो.

ता. ३०, सकाळ. नेमणुकीचा कागद कारकुनाने दारातच दिला. आठच्या सुमारास बाई व्हरांड्यात आल्या. मी बसल्या जागेवरून मान लववली. त्यांनीही लववली आणि आत गेल्या. यंत्र चालू राहिलं. सपाटीचं गवत झालं आहे. उतार ओला आहे, दव वाळल्यावर कापतो.

धाकटा