कोपऱ्यावरून ऐकू येणारी

३ मार्च, सोमवार

आज बाबांनी मला पुन्हा पाहुणी केलं. मी फाटक उघडायला उतरले, गाडी आत घेतली, परत उतरून फाटक लावलं — एवढा सगळा वेळ ते पायरीवर बसून माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत होते. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा दचकलेच. मग हसून म्हणाले, "या, बसा ना. मुलगी येईलच एवढ्यात."

बसले! काय करणार? पर्स मांडीवर घेऊन परक्यासारखी बसले. मग उठून चहा मीच केला. कप हातात घेताना विचारतात, "मुलीसाठी ठेवलात ना?" ठेवलाय म्हटलं. जेवणं होईपर्यंत त्यांचा एक कान रस्त्याकडे होता.

दिवसभर बाबांजवळ असतात त्या मावशी जाताना म्हणाल्या, "ताई, मनावर घेऊ नका." मनावर घ्यायला मनात जागा तरी हवी!

५ मार्च

दमले. बाकी काही नाही.

६ मार्च

दुकानात दिवसभर चष्म्यांचे नंबर काढले. "हे स्पष्ट की ते? पहिलं बरं की दुसरं?" — तोंडाला फेस आला. एक गृहस्थ प्रत्येक भिंगाला "दोन्ही झकास" म्हणत होते. शेवटी लक्षात आलं, त्यांनी बाहेर बसल्या बसल्या पाटीवरची अक्षरं पाठ केली होती! एरवी पोट धरून हसले असते.

डबा खाताना काउंटरवरची नवी मुलगी तिच्या नव्या कोऱ्या स्कूटरचे फोटो दाखवत होती. मधेच म्हणाली, "ताई, तुमची पहिली गाडी कुठली होती हो?" झालं! सगळी दुपार डोक्यात तेच. पहिली बरी की दुसरी?

पहिली म्हणजे स्कूटर. जुनीच घेतलेली. रंग कधीकाळी हिरवा असावा. आधी तिला एका अंगावर तिरकी करायची, मग सरळ करून किक मारायच्या — पहिल्या किकला चालू झाली तर दिवस चांगला जाणार असं मी धरून चालायचे. दिवस फारसे चांगले गेले नाहीत! सायलेन्सर फुटका. मी कामाला निघाले की अख्ख्या गल्लीची झोप उडायची. शेजारच्या काकू तिला तोफ म्हणायच्या. दर दोन महिन्यांनी एक तरी चांगला ड्रेस ऑइलने बाद. कंबरेची तर वाटच लागली.

दुसरी ही आताची. पांढरी, विजेवर चालणारी, दादाने पसंत करून दिलेली. आत थंडगार. पट्टा लावला नाही की कुईकुई, दार नीट लागलं नाही की कुईकुई, मागे भिंत आली की कुईकुई. चालताना मात्र तोंडातून ब्र काढत नाही. तिची कुरकुर तिने करून घेतली, माझी मी कुणापाशी करायची?

तरी कुणीही सांगेल, दुसरीच बरी. माझी कंबर तर नक्की सांगेल. फक्त एक आहे — त्या स्कूटरवरून मी फाटक उघडायला एकदाही उतरले नाही. बाबा पाणीखात्यात होते. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाणी कुठे गळतंय ते सांगायचं. जन्मभर तेच केलं. त्या कानांना माझी तोफ कोपऱ्यावरच्या दवाखान्यापासून ऐकू यायची. मी पोचेपर्यंत फाटकाची दोन्ही दारं सताड उघडी आणि बाबा बाजूला उभे. "ये" वगैरे म्हणायची पद्धत नाही. "ठमे, क्लच ओढतोय तुझा!" हेच स्वागत.

आता स्कूटर मागच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. आणि मी रोज फाटकासाठी दोनदा उतरते.

९ मार्च, रविवार

दादाचा फोन. बाबांसाठी बघून ठेवलेल्या त्या वृद्धांच्या संस्थेत खोली रिकामी झाली आहे. चांगली जागा आहे, डॉक्टर जवळ, मागे बाग. पुढच्या रविवारपर्यंत हो की नाही ते सांगायचं. म्हणाला, "अगं, तू कोण तेच त्यांना कळत नाही. मग तू असलीस काय नि दुसरं कुणी असलं काय! किती दिवस एकटी ओढणार आहेस?"

चिडायला हवं होतं. चिडले नाही. लांब राहतो, पण वाईट नाही तो. माझ्याच काळजीने बोलतो. खरं लिहायचं तर त्याचं ऐकताना आतून सुटल्यासारखं वाटलं. आणि मग त्याचंच रडू आलं.

१० मार्च

हो सांगून टाकणार आहे. बाबांचं कपाट आवरायला काढलं. स्वेटर वेगळे केले. ते शेजारी उभे राहून म्हणाले, "राहू द्या हो, तुम्ही कशाला त्रास घेता? मुलगी आली की करेल." स्वेटर परत होते तसे ठेवले.

१२ मार्च

दुपारी एक पार्सलवाला आला होता. त्याची स्कूटर जुनाट, फटफट करणारी. मावशी सांगत होत्या — आवाज कानावर पडला मात्र, बाबा ताडकन उठले. काठी तिथेच राहिली. भिंतीला धरत धरत गेले आणि फाटकाची दोन्ही दारं उघडून बाजूला उभे राहिले. तो बिचारा बावचळला! पार्सल शेजाऱ्यांचं होतं. बाबांनी त्याच्याकडे नीट बघितलं, म्हणाले, "ही नाही," आणि परत पायरीवर येऊन बसले. जेवणाला हात लावला नाही.

"ही नाही!" म्हणजे कुणीतरी आहे. ते मला विसरलेले नाहीत. वाट बघताहेत, आणि मीच येत नाही. ती मुकी पांढरी गाडी घेऊन रोज दुसरीच कुणीतरी येते!

१३ मार्च

गॅरेजवाल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी ताडपत्री उचलली, आत बघितलं आणि पुन्हा टाकली. "ताई, हिला आता सुखाने जाऊ द्या." मी हट्टच धरला. शेवटी टेम्पोत चढवून घेऊन गेले.

संध्याकाळी फोनवर म्हणाले, "होईल चालू. सायलेन्सर मात्र पार गेलाय, नवा बसवतो."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. "वाजू द्या तशीच."

मिस्त्री म्हणाले, "एवढी वर्षं मी लोकांचा आवाज बंद करून देतोय. तुम्ही पहिल्याच."

१६ मार्च, रविवार

दादाचा फोन. "काय ठरलं?" दोन-तीन दिवस दे म्हटलं. "दोन-तीन दिवसांत काय होणार आहे?" ते मला तरी कुठे माहीत आहे! संस्थेच्या लोकांना तो थांबवून धरतोय. बुधवारपर्यंत, म्हणाला. त्यानंतर खोली दुसऱ्या कुणाला देतील.

१८ मार्च, मंगळवार

स्कूटर मिळाली. गाडी दुकानापाशीच ठेवली. मिस्त्रींच्या दारात तिला तिरकी केली आणि किक मारत सुटले. घाम फुटला, गुडघा कुरकुरला, दोन पोरी बघून हसल्या. आणि मग झाली चालू! तोच तो भसाडा आवाज.

दवाखान्याच्या कोपऱ्यावर आले तेव्हा वेग कमी केला. "ही नाही" म्हणाले तर? मग उद्या दादाला हो सांगायचं, असं तिथल्या तिथे ठरवलं. वळले.

फाटकाची दोन्ही दारं उघडी.

बाबा बाजूला उभे. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मी त्यांच्या समोरून आत गेले तशी हाक आली, "ठमे! सायलेन्सर कधी बदलणार आहेस? लोक शिव्या घालतात मला!"

मला स्कूटर स्टँडवर लावता येईना. डोळ्यांपुढे काही दिसेल तर ना! बाबांनीच मागून धरली.

मग चहा. दोघांनी पायरीवर बसून घेतला. माझे केस पिकलेत, मी पन्नाशी ओलांडलीय, हे त्यांना दिसत नव्हतं. मीही दाखवून दिलं नाही. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला.

"अगं, तुला एक सांगायचंय. इथे रोज एक बाई येते. पांढरी गाडी आहे तिची, मुकी. कधी येऊन उभी राहते कळतच नाही."

"बरं. मग?"

"चांगली आहे गं. मला गोळ्या देते, माझे पाय चेपते. पण फार दमलेली असते. परवा स्वयंपाकघरात एकटीच रडत होती, मी बघितलं. तिला कुणी नाही वाटतं." कप खाली ठेवला. "मागची खोली रिकामीच असते ना आपली? तुझी हरकत नसेल तर राहू दे तिला इथे. तिला कुठे पाठवू नकोस."

म्हटलं, "राहू दे की, बाबा."

"आणि तिला फाटक उघडायला सारखं उतरायला लागतं. मला ऐकू येत नाही ना."

जेवले पोटभर. दादाचा फोन येऊन गेला. उचलला नाही.

१९ मार्च, बुधवार

सकाळीच दादाला कळवलं, खोली नको. "दमशील," म्हणाला. दमलेलीच आहे, म्हटलं.

येताना मुद्दाम गाडी घेऊन आले. मावशी फाटकापाशीच भेटल्या. सकाळपासून बाबांनी एकच धरून ठेवलंय म्हणाल्या, त्या बाईंना निरोप द्यायचाय. रस्त्यावरून नजर हलवली नाही.

मी उतरायच्या आत बाबांनी फाटक उघडलं. दोन्ही दारं. काचेशी वाकून म्हणाले, "या. मुलीशी बोललोय मी तुमच्याबद्दल. इथेच राहा, म्हणाली."