कडूबाईंचा सत्कार

३ मे, सकाळी ७
नातवंडं काल आली. राजनंदिनी आठ वर्षांची, युवराज सहाचा. अमरसिंह आणि सायली त्यांना सोडून, जेवून लगेच पुण्याला परत. पुढचे सतरा दिवस मुलं माझी. एरवी या घरात मी आणि स्वयंपाकाच्या कडूबाई, दोघीच. मला त्याचं काही वाटत नाही. मुद्दाम लिहून ठेवते, कारण अमरसिंह दर फोनला विचारतो.

मुलांनी धपाटी खाल्ली आणि ताटं तिथंच टाकून उठली. एक शब्द नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मॉनिका ग्रेसची प्रार्थना म्हटल्याशिवाय घासाला हात लावू देत नसत. ठरवलं: या सुट्टीत मुलांना कृतज्ञता शिकवायची. लोणच्याची रिकामी बरणी धुतली. रोज संध्याकाळी प्रत्येकानं एक चिठ्ठी टाकायची, आज कोणाचे आभार. फार सोपं आहे.

४ मे
राजनंदिनी: वायफाय. युवराज: कूलर. सुरुवात म्हणून उत्तम.

६ मे
कूलर. पुन्हा कूलर. आणि शेजारच्या म्हशीचे आभार, कारण ती चिखलात बसली. प्रगती आहे. सजीवांपर्यंत आलो.

८ मे
दुपारभर बसून दोघांच्या रुमालांवर ‘रा’ आणि ‘यु’ भरले. शाळेत शिकलेला टाका अजून हातात आहे. आजच्या चिठ्ठ्यांची जरा उत्सुकता होती.

राजनंदिनी: कडूबाई. युवराज: कडू बाई. का, म्हणून विचारलं. युवराज म्हणाला, तिनं माझी चप्पल नालीतून काढली आणि पाठीत धपाटा घातला.

माझं नाव यावं अशी अपेक्षा नव्हतीच. आजीचं वेगळं असतं.

१० मे
पुन्हा कडूबाई. दोन्ही चिठ्ठ्या. त्यांना वाचून दाखवल्या तर पदर तोंडाला लावून हसल्या. पोरांना हे काहून शिकवताय, म्हणाल्या, आभार पाव्हण्याचं मानत्यात. मी समजावलं की आता काळ बदलला आहे.

मोठ्यांनी उदाहरण घालून दिलं पाहिजे. सत्कार करायचा. मला कोणाचा हेवा नाही, हे यातून आपोआप दिसेल.

१३ मे
समारंभ छान झाला. हे जिल्हा परिषदेत होते तेव्हाच्या शालींनी कपाट भरलंय. हे जाऊन नऊ वर्षं झाली, शाली तशाच. त्यातली निळी काढली. नारळ, नवं लुगडं. राजनंदिनीनं पुठ्ठ्यावर ‘सव्वीस वर्षे सेवा’ असं रंगवलं आणि भाषण केलं. आम्ही आपले कायम ऋणी राहू, हे वाक्य माझं. युवराजनं टाळ्या वाजवल्या.

कडूबाई मान खाली घालून उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी. आनंद झाला की माणूस बोलत नाही.

१४ मे
सकाळी दूध तापवून झाकलेलं. किल्ल्या खिडकीत. कडूबाई नाहीत, त्यांचं गाठोडंही नाही. बीडला दीपमालाकडे, लेकीकडे चालले, असं मुलांना सांगून गेल्या. दोन दिवस विश्रांतीला गेल्या असाव्यात. सत्काराचाही थकवा येतो.

१६ मे
माझ्या पोळ्या मुलांनी खाल्ल्या नाहीत. मॅगी केली. ती बरी झाली. राजनंदिनी आईशी फोनवर हळू आवाजात बोलत होती.

१७ मे
स्विमिंग कॅम्प सुरू होतोय म्हणून अमरसिंह येऊन मुलांना घेऊन गेला. तीन दिवस आधी. निघताना दोघांनी वाकून नमस्कार केला. सायलीनं पुण्याहून फोनवर सांगितलं म्हणून का होईना, केला.

शांतता आहे. वाचन करायला बरं.

२० मे
वाचन झालं नाही.

२१ मे
एसटीनं बीडला गेले. क्लासेसच्या गल्लीत दीपमालाची मेस आहे. आत चाळीसेक मुलं जेवत होती आणि सगळी ओरडत होती. मावशी, भाजी खारट. मावशी, पोळी कच्ची. कडूबाई तव्यापासून त्यांना शिव्या घालत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मला पाहून उठल्या, खुर्ची दिली, कपबशीत चहा दिला. आपल्या घरी आम्ही दोघी ओट्याशी उभ्यानं चहा पितो. मी विचारलं, काय चुकलं.

म्हणाल्या, “शाल घातली, नारळ दिला, वर्सं मोजली. मालकांनी हापिसातल्या मुंजाजी शिपायाला असंच घरी धाडलं व्हतं. मी म्हनलं, आता माझी पाळी आली.”

मी म्हटलं, छे, मला तुमचे आभारच मानायचे होते.

“आपल्या मानसाचं कुनी आभार मानतंय का, बाईसाहेब? सव्वीस वर्सांत तुमी मला एकदाबी रागावला न्हाईत. न सांगता गेलीस काहून, असं म्हना. जोरात म्हना. मंग येते.”

चाळीस मुलांसमोर आवाज चढवणं मला प्रशस्त वाटलं नाही. उद्या फोनवर व्यवस्थित रागवायचं ठरवून परत आले.

२२ मे
वाक्यं कागदावर उतरवून फोन केला. “कडूबाई, तुम्ही न सांगता गेलात, हे मला अजिबात आवडलेलं नाही.” आवाज चांगला चढला होता. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. “आज संध्याकाळच्या गाडीनं परत या.” हेही जमलं. मग म्हटलं, कामाच्या घाईत वेळ दिलात, मनापासून आभार.

हे कागदावर नव्हतं.

पलीकडे पुन्हा भांडी वाजू लागली. मग, बरं बाईसाहेब, म्हणाल्या आणि फोन ठेवला.

एकूण परिणाम झाला असावा. संध्याकाळी दोघींपुरता भात टाकला.

२३ मे
कालचा भात उरला होता. फोडणी दिली. मीठ फार झालं. कोणी काही म्हणालं नाही.